बोट कुठं ठेवू?

काष्टी गावच्या सप्ताहात पारायणाला माझ्या शेजारी एक म्हातारी बसायची. तिला अक्षरओळख नव्हती. तरी पोथी उघडायची, वाचणाऱ्यांची एक ओवी संपली की बोट पुढच्या ओवीवर सरकवायची आणि माझं बघून पान उलटायची.

मी संस्कृतचा मास्तर, मला राहवेना. ज्ञानाशिवाय भक्ती कशी आंधळी, ते एका ओवीवरून तिला हळूच समजावलं. तिनं ऐकून घेतलं, मग पोथीकडे पाहून कावरीबावरी झाली.

"मास्तर, तुमच्या बोलन्यात माजं बोट हुकलं. कुठं आलोय आपुन, तितं तेवढं बोट ठिवून द्या."

मी माझ्या पोथीत शोधू लागलो. दोन पानं पुढं गेलो, परत मागं आलो. सगळे वाचत होते आणि मला काही केल्या जागा सापडेना.

तिचं बोट तसंच अधांतरी होतं, माझ्या भरवशावर.