नाक कोरडं होईपर्यंत

आमच्या चेरीवूडच्या ऑफिसात एखाद्या लेकुरवाळ्या माणसाला नोकरी सोडायची असली, तर त्याचा राजीनामा मॅनेजरच्या आधी थांबाताईंच्या डब्यात जायचा. डबा बिस्किटांचा, निळा, झाकण नीट न बसणारा. ताई सॉफ्टवेअर टेस्टिंग टीमच्या लीड, मूळच्या नागपूरच्या. खरं नाव वेगळं होतं; पण दर दुसऱ्या वाक्याला 'थांब जरा' म्हणणाऱ्या बाईला दुसरं नाव चिकटणं शक्यच नव्हतं.

त्यांचा नियम एकच. "मुलाचं नाक वाहत असताना नोकरी सोडायची नाही. आधी नाक कोरडं होऊ दे, मग बोल." राजीनामा ईमेलने पाठवायलाही बंदी होती. "ईमेल बोटाने जातो रे बाप्पा. कागद द्यायला खुर्चीतून उठावं लागतं." स्वतः ताई खुर्चीतून सहसा उठत नसत. प्रिंटरवरचे कागदसुद्धा आमच्याकडून मागवत.

माझा कागद त्या डब्यात दोन वर्षांपासून आहे. माझी बायको ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात नर्स. बारा तासांची ड्युटी, फोन लॉकरमध्ये. त्यामुळे मुलीला जरा कणकण आली की क्रेशचा, म्हणजे पाळणाघराचा, फोन मला. दीड तास गाडी हाकत तिला आणायला जायचं, आणि उलटी झालेली असली तर पुढचे अठ्ठेचाळीस तास क्रेशचं दार बंद, म्हणजे मीही घरी. त्या हिवाळ्यात हे दर आठवड्याला होऊ लागलं. आयरिश मॅनेजर तोंडाने 'नो बॉदर', काही हरकत नाही, म्हणायचा, पण महत्त्वाची कामं हळूहळू दुसऱ्यांकडे जाऊ लागली. शेवटी मी राजीनामा लिहिला आणि ताईंपुढे ठेवला.

त्यांनी तो वाचलाही नाही. "नाक?"

"वाहतंय," मी म्हणालो.

"मग जा. फेब्रुवारीत कोणीच धड विचार करत नाही. मे महिन्यात ये कागद मागायला."

मे महिन्यात मी विसरून गेलो. सगळेच विसरायचे. मधल्या काळात आमची राहिलेली कामं ताई संध्याकाळी थांबून उरकून टाकत आणि पुढे महिनाभर त्याची आठवण करून देत. "तुझ्या लेकीच्या सर्दीत मी चार रिलीज काढल्या," हे तर मला पाठच झालं होतं.

गेल्या ऑक्टोबरात एके दिवशी त्यांनी तो डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. स्वतः उठून. तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळायला हवं होतं.

"सांभाळ. मी नोकरी सोडली."

मला थट्टा वाटली. "ताई, निहारचं नाक कोरडं आहे ना?" निहार त्यांचा एकुलता एक मुलगा.

"कोरडं ठणठणीत," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "चौदाव्या वर्षी नाक वाहत नाही रे. काही विचारलं की 'आयॅम ग्रँड, आई' म्हणतो आणि दार लावून घेतो. मी पण सगळं ठीकच समजून बसले. परवा शाळेत गेले तर टीचर म्हणाल्या, वर्षभर तो एकटा बसून डबा खातो."

मी डब्याचं झाकण दाबून बसवू लागलो.

"तो लहान होता तेव्हा क्रेशचा फोन आला की मी वैतागायचे. आता कोणी बोलावत नाही. म्हणून न बोलावता चालले."

"थांबा ना जरा," मी म्हणालो.

"थांबलेच होते की," त्या म्हणाल्या आणि कोट घालून निघाल्या.

आमची कामं उरकून ताई घरी पोचत, तोवर निहारच्या खोलीचं दार लागलेलं असायचं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

डबा आता माझ्याकडे आहे. त्यात माझ्यासकट चौघांचे कागद आहेत आणि सल्ला मागायला येणाऱ्यांना मीही 'नाक?' असंच विचारतो. पण नाक कोरडं आहे म्हणाले, की आणखी दोन प्रश्न विचारतो.

काल दुपारी क्रेशचा फोन आला. मुलीला ताप आहे, नाकही वाहतंय, घेऊन जा. लॅपटॉप मिटताना मला बरं वाटलं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.