गावाच्या नावाने हाक मारणारे कोच

बायकोलाही आजवर सांगितलेलं नाही, पण आमच्या कॉलेजच्या फुटबॉल कोचइतका हेवा मी जगात दुसऱ्या कुणाचा केला नाही. आता हेवा करावा असं त्या माणसाकडे होतं काय? शारजातल्या आमच्या कॉलेजात ते सव्वीस वर्षं हेड कोच होते आणि तेवढ्या काळात टीमने एकच कप जिंकला, तोही समोरच्यांची बस वाटेत बंद पडली म्हणून. पोट असं की ते गोलसमोर उभे राहिले तर गोलकीपरला मैदान दिसू नये. गळ्यात शिट्टी, पण ती वाजलेली कुणी ऐकली नाही. ते एक टाळी वाजवायचे आणि बावीस जण जागच्या जागी थांबायचे. माणूस मूळचा वसईचा. हाफटाइमला प्रत्येकाला सुकेळी, म्हणजे तिथलं उन्हात सुकवलेलं केळं. एका हैदराबादी मुलाने तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, "हबीबी, केला धूप में सूखा, फिर भी मीठा रहा. तू भी रहेगा."

आणि ते कुणालाही नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. "कोझिकोड, यल्ला, पीछे आ. पेशावर, तू सो गया क्या?" मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'चिपळूण' करून टाकलं, तेही प्रिन्सिपलसमोर. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "नाव व्हिसावर असतंच रे. गाव कोण विचारतो इथे?" मी रजिस्ट्रार ऑफिसात. मुलांच्या सर्टिफिकेटांवरचं एकेक नाव वीस वर्षं मी डोळे फोडून तपासलं. फुजैराच्या पोर्टवर नोकरी करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला पाहून धावत येऊन हात धरला आणि विचारलं, "सर, आप कोच के कॉलेज में थे ना?"

तेही मी गिळलं. मग माझाच मुलगा त्यांच्या टीममध्ये गेला. कोचनी गाव विचारलं, तर हा म्हणाला, "आय डोन्ट नो, कोच. आय वॉज बॉर्न हिअर." कोच म्हणाले, "कुठे राहता? अल मजाजला ना? मग तू अल मजाज." घरी येऊन पोरगा मला सांगतो, "बाबा, ही गॉट इट राइट." एकोणीस वर्षं मी त्याच्या कानीकपाळी चिपळूण ओरडत होतो. त्या रात्री मी जेवलो नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

कोचची साठी उलटली होती. व्हिसा वाढवायला कॉलेजची सही लागायची, आणि ती दर वेळी चहाच्या कपाबरोबर होऊन जायची. या खेपेला मॅनेजमेंटच्या टेबलावर एक निनावी पत्र पोचलं: कोचना हल्ली मुलांची नावं आठवत नाहीत. ते मी लिहिलं होतं. मीटिंगमध्ये त्यांच्यापुढे टीमचा फोटो ठेवून कोण कोण ते विचारलं गेलं. कौतुकाने विचारताहेत असं वाटून ते एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले. "हा कोझिकोड, हा पेशावर, हा अल मजाज." साहेब लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मिनिट्स लिहीत होतो, ती लिहीत राहिलो.

दोन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले. "चिपळूण, खलास. ही वही नव्या कोचला दे, बिचाऱ्याला सोपं जाईल." वहीत प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, बुटाचा नंबर, कुणाची आई आजारी, कोण परीक्षेच्या आधी जेवत नाही, सगळं होतं. एकाही स्पेलिंगमध्ये चूक नव्हती; मी तपासलं. त्यांचा व्हिसा संपायला अजून तीन आठवडे होते. ती वही घेऊन वरच्या मजल्यावर मॅनेजमेंटकडे गेलो असतो तर ते राहिले असते. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली.

आता ते वसईला असतात. दर शुक्रवारी त्यांचा व्हॉइस मेसेज येतो, मागे कोंबडे आरवत असतात. "काय चिपळूण, अल मजाज खेळतो की नाही?" मी अंगठा पाठवतो. वही अजून माझ्याकडे आहे. ती मला त्यांच्या हातात परत द्यायची आहे, आणि पत्र मी लिहिलं होतं हे त्यांना तोंडाने सांगायचं आहे.