आल्या पावली

त्या सेफ्टी डोअरचं कौतुक मला ऐकवू नका. जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत आता एकही सागवानी दार उरलं नाही. आमचं वाळवीनं पोखरलं, म्हणून वडिलांनी काढून लोखंडी बसवलं, बेलसकट.

माझा धाकटा भाऊ सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून आला की जुन्या दाराची कडी वाजवायचा. तो गेला, त्याला दोन वर्षं झाली. दार बदलल्यापासून आई रोज दुपारी ते सताड उघडं टाकते.

परवा मी चिडलेच. "उघडंच ठेवायचं, तर एवढं भक्कम दार लावलं कशाला?"

आई हळूच म्हणाली, "कडी सापडली नाही, तर आल्या पावली परत जाईल गं तो."