दगडातल्या बाईची ओटी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही, म्हणून आधीच माफी मागते. मासिकात लोक असले अनुभव लिहितात ते मी दुपारी वाचते. हे पाठवायचा धीर होईल की नाही माहीत नाही... तोंडाने सांगणं जमत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. अंगात येणं, भुतंखेतं यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात बाया घुमायला लागल्या की मी उठून घरी यायची.

२०१४ साली आमचे हे गेले आणि निखिलने मला सिंगापूरला आणलं. निखिल माझा मुलगा, इथे जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर आहे. वुडलँड्सला नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे. सून ऋतुजा रॅफल्स प्लेसला कॉम्प्युटरचं काम करते.

मी आले त्याच वर्षी तिला दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायला इथल्याच तोआ पायोह भागात राहणाऱ्या एक मराठी काकू आल्या. ही ओटी गुपचूप भरतात, बाहेर बोलत नाहीत. मी स्वयंपाकघरात पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत उभी राहिले. विधवेने ओटी भरायची नसते, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

ते मूल राहिलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. मग ऋतुजा बोलेनाशीच झाली. ऑफिसातून आली की खोलीचं दार लावून घ्यायची.

निखिलने चार दिवसांची कंबोडियाची तिकिटं काढली. मी बॅगेत छोटा कुकर आणि गावाहून आणलेला आंबेमोहोर घातला, तेवढाच उरला होता.

"आई, तिकडे भाताशिवाय काही पिकत नाही," निखिल हसला. "तू तांदूळ घेऊन निघालीस."

"राहू दे रे. मला आईंच्या हातचा मऊ भात हवाय," ऋतुजा म्हणाली. किती दिवसांनी तिने काही मागितलं होतं.

तिथली देवळं जंगलाने गिळलेली आहेत. माणसाच्या कमरेएवढी जाड मुळं छपरावरून उतरून भिंती आवळून बसलेली. झाड काढलं तर देऊळ पडेल, म्हणून तसंच ठेवलंय, असं गाईड म्हणाला. उजेडसुद्धा हिरवट, आणि ओल्या दगडाचा वास. ऋतुजा एका पडक्या दगडावर बसली ती उठेचना. निखिल तिच्यापाशी थांबला आणि मी भिंतीच्या कडेने पुढे गेले.

मुळांच्या फटीत एक बाई होती, दगडात कोरलेली. चेहरा आणि एक हात तेवढा दिसत होता. पोटावरून आडवं मूळ गेलेलं. हिची ओटी कधी कुणी भरली असेल का, असं मनात आलं. हॉटेलवर भात करून झाल्यावर तांदळाची पिशवी मी पर्समध्येच टाकली होती, तळाशी थोडे दाणे उरलेले. इथे मला ओळखणारं कोण होतं? ओटी भरतात तसे मी ओंजळीने तिच्या पायाशी तांदूळ घातले आणि पदर पसरून ऋतुजासाठी मूल मागितलं.

"आई, चल, गाडी थांबलीये," निखिलने हाक मारली. मी दचकून तशीच निघाले.

गाडीत बसल्यावर आठवलं. ओटी भरली की ती बाई त्यातले थोडे दाणे भरणारीला परत देते. रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मी ते दाणे घेतलेच नव्हते. आधीच मान नसताना भरली, तीही अर्धवट... पण गाडी मागे वळवा, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

परत येऊन दोन महिने झाले असतील. दुपारी घरात मी एकटीच होते. जेवणाचं ताट धुऊन, पुसून ओट्यावर ठेवलं आणि खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घालून आले. बघते तर ताटात चिमूटभर तांदूळ. आखूड, गोलसर... आंबेमोहोरच. घरात तेव्हा थायलंडचा लांब दाण्याचा तांदूळ होता. हे दाणे ओले होते, शेवाळाने हिरवे पडलेले. सगळ्या स्वयंपाकघरात त्या देवळाचा वास. दाराला आतून कडी होती.

संध्याकाळपर्यंत मी ताटाला हात लावला नाही. ऋतुजा आली तेव्हा तिला देवळातल्या ओटीपासून सगळं सांगितलं. निखिल नंतर म्हणाला, पर्समधून सांडले असतील. पर्स आल्या दिवशीच धुऊन कपाटात ठेवली होती.

ऋतुजाने ताटातला एक दाणा बोटावर घेऊन बघितला. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, मला तिसरा महिना लागलाय. निखिलशिवाय कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगायची भीती वाटली."

मी म्हटलं, "काकूंना फोन कर. चोरओटी भरायला हवी."

"काकू नकोत. तुम्ही भरा."

"अगं, माझ्या हातची चालत नाही."

"तिला चालली ना," म्हणून तिने ओढणी पसरली.

मी डब्यातले तांदूळ ओंजळीने तिच्या ओढणीत घातले. ओटी भरून झाल्यावर तिने त्यातले थोडे दाणे ताटात परत टाकले, त्या हिरव्या दाण्यांशेजारी.

नात आता बोलायला लागली आहे. भात भरवायला गेलं की इथल्या पोरांसारखं "आज्जी, डोन्ट वॉन्ट ला" म्हणून तोंड फिरवते.

ते हिरवे दाणे मी एका डबीत ठेवलेत. तिला ताप आला की औषधाआधी मी डबी उघडून बघते. तीन वर्षं होत आली, दाणे अजून ओलेच आहेत. वाळत नाहीत, कुजत नाहीत. का, ते मला माहीत नाही. कधी वाळले तर काय, हे मी अजून ऋतुजाजवळही बोललेले नाही.