अंगणात भरलेला घरचा तास

सोमवारचा दिवस होता, सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी दौंडच्या मिशनच्या शाळेत एका वर्गाच्या दारावर पिवळ्या ऑइलपेंटने ‘कुटुंबजीवन शिक्षण’ असे लिहीत होतो. नववीत शाळा सुटल्यापासून मी पाट्या रंगवतो. आधी खडूने लिहितो, तपासतो आणि मगच ब्रश लावतो. तेवढ्यात मागून आवाज आला, “छान जमलंय. तुमच्या कुटुंबात कोण कोण असतं?”

वळून पाहिले तर पांढऱ्या झग्यातल्या, जाड चष्म्याच्या सिस्टर रेजिना उभ्या होत्या. मी घाईने सांगितले, “माझे वडील आबा, चुलते, मी आणि दोन चुलतभाऊ. राहू गावात असतो आम्ही.”

“मग भाकरी कोण थापतं? चुलते?”

 आई, चुलती, सोनाआत्या आणि धाकटी बहीण सुमन यांची नावे माझ्या तोंडी आलीच नव्हती. सिस्टर रागावल्या नाहीत. “डबा उघडाल तेव्हा आठवतील,” एवढे बोलून त्या वर्गात गेल्या. ही आमची पहिली ओळख. पुढच्याच वर्षी मी सुमनला त्यांच्या शाळेत पाचवीला घातले आणि ती तिथल्या बोर्डिंगमध्ये राहू लागली.

मुले ‘कुटुंबजीवन शिक्षण’ या विषयाला ‘घरचा तास’ म्हणत. वाढत्या वयात शरीर कसे बदलते, पाळी म्हणजे काय, कोणी नको तसा हात लावला तर कोणाला सांगायचे, घरात भांडण झाले तर आपण काय करायचे, हे सगळे सिस्टर साध्या शब्दांत आणि आवाज जराही खाली न आणता सांगत. पण प्रत्येक तासाची सुरुवात एकाच प्रश्नाने होई : “काल घरात कोणी तुझ्यासाठी काय केलं? आणि तू कोणासाठी काय केलंस?” सगळ्यांनी उत्तर द्यायचे, सिस्टरांनीसुद्धा. एकदा मी वर्गाची खिडकी रंगवत असताना त्या मुलांना सांगत होत्या, “काल सिस्टर लुसींनी माझा हरवलेला चष्मा शोधून दिला. मी त्यांच्या वाटणीची भांडी घासली.” मुले खूप हसली. त्यावर त्या म्हणाल्या, “प्रभू येशूसुद्धा आयुष्यातली बहुतेक वर्षं घरीच राहिले. घर सांभाळणं हलकं काम असतं तर राहिले असते का?” शाळेत बहुतेक मुले हिंदू घरांतली, पण हे वाक्य सर्वांना पटले.

पालकांना मात्र हा तास लवकर पटला नाही. एक बागायतदार गृहस्थ तावातावाने आले, “लहान पोरींना हे कशाला सांगायचं?” सिस्टरांनी त्यांना मागच्या बाकावर बसवले आणि सांगितले, “जिथं चुकीचं वाटेल तिथं हात वर करा.” अर्ध्या तासाने त्यांनी हात वर केला. सगळी मुले मागे वळली. ते म्हणाले, “बाई, हे आमच्या टायमाला का न्हाई शिकवलं कुणी?”

पुढे सिस्टरांची शिरूरला बदली झाली. तिथे कारखान्यात पाळ्यांवर काम करणारे वडील बरेच होते. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या वडिलांविषयी एका मुलीने सांगितले होते, “पप्पा म्हणजे बंद दार.” सिस्टरांनी एका रविवारी वडिलांनाच बोलावले आणि प्रत्येकाला आपापल्या मुलीची वेणी घालायला लावली. कारेगावहून आलेले, कारखान्यात नट-बोल्ट आवळणारे एक ऑपरेटर घामाघूम होऊन विचारत होते, “सिस्टर, याला टॉर्क किती द्यायचा?” मुलगी ओरडली, “पप्पा, लूज झालंय, परत टाइट करा!” त्या दिवशी फळा रंगवायला गेलेला मीही हसून हसून थकलो.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची, आमच्या घरची गोष्ट. सुमन सहावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत घरी आली आणि सुट्टी संपता संपता शहाणी झाली. घरच्या रीतीप्रमाणे तिला अंगणात, लिंबाखाली वेगळे बसवले. कोणी शिवायचे नाही, पाणीसुद्धा वरून ओतायचे. त्याच आठवड्यात केंदूरचे एक स्थळ चालून आले. आबा म्हणाले, “आता साळा बास झाली.” आमच्या घरात आबांचा शब्द कोणी मोडत नाही. मीही मोडला नाही. शाळा सुरू झाली तरी सुमन आली नाही, म्हणून सिस्टरांनी मला विचारले, तेव्हा मी जे होते ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि शनिवारी माझ्याबरोबर राहूच्या एसटीत चढल्या.

दुपारची वेळ होती. आम्ही अंगणात शिरताच सिस्टर सरळ लिंबाखाली गेल्या, सुमनच्या वाकळीवर तिला टेकून बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

सोनाआत्या दारातून ओरडली, “अवं बाई, तिकडं नका बसू! बाजूला बसलीय ती!”

“बाजूला कुठं?” सिस्टर म्हणाल्या. “अंगणाच्या मधोमध तर बसलीय.”

“आता तुमाला बी आंगूळ केल्याबिगर आत येता यायचं न्हाई!”

“मग मी इथंच बरी आहे. एसटी संध्याकाळी आहे.”

घरात मोठा पेच पडला. पाहुण्याला आत घेता येईना आणि उपाशीही ठेवता येईना. शेवटी आबाच म्हणाले, “पाव्हणं भायेर आन् आपुन आत बसून जेवायचं? लोक त्वांडात शेण घालतील.” ते आपले ताट घेऊन बाहेर आले आणि चार हातांवर बसले. त्यांच्यामागे चुलते आले, मग भाऊ आणि शेवटी बायका. आमचे सगळे घर पहिल्यांदा एका वेळी जेवायला बसले, आणि तेही अंगणात.

सिस्टरांनी शाळेचा विषयच काढला नाही. जेवण होत आल्यावर त्या म्हणाल्या, “सुमन, आज घरचा तास तू घे.”

सुमनने मान खाली घालून विचारले, “आबा, काल तुमी कुनासाठी काय केलं?”

आबा हसून म्हणाले, “तुझ्यासाठी केंदूरला जाऊन आलो की!” बाकी कोणी हसले नाही.

“आन् मी कुनासाठी कायबी केलं न्हाई,” सुमन म्हणाली. “मला करूच दिलं न्हाई. आत्या, तुमी सांगा.”

आत्या बराच वेळ बोटाने भाताची शिते गोळा करत राहिली. तिचे लग्न सुमनपेक्षा लहान वयात झाले होते आणि ऐन तारुण्यात ती कपाळ पुसून माहेरी आली होती. “म्या काय करनार?” ती म्हणाली. “राती पोर थंडीनं कुडकुडत व्हती. माजी वाकळ तिच्या अंगावर घातली. उजाडस्तवर निजले तिच्यापाशी.”

 मग माझा चुलतभाऊ म्हणाला, “म्हंजी आत्या, तुमीच आदी शिवला की!”

“शिवले तर शिवले! मरू द्यायची व्हय पोरीला गारठ्यात?” आत्या त्याच्यावरच खेकसली. सगळ्यात आधी आई हसली. नंतर आबासुद्धा.

सिस्टर म्हणाल्या, “आत्या, तास तर तुम्ही रात्रीच सुरू केला होता. मी नुसती येऊन बसले.”

आबा त्या दिवशी “बघू” एवढेच म्हणाले. पण बुधवारी ते स्वतः सुमनची पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन शाळेच्या फाटकात उभे होते. “केंदूरकरांना सांगितलं, पोरगी शिकतीय,” ते म्हणाले. “सिस्टर, हिचा तास बुडला न्हाई ना?” सुमन आता दौंडच्या कॉलेजात जाते. आमच्या अंगणात त्यानंतर कोणी वेगळे बसलेले नाही.

घरची रीत ठाऊक असूनच सिस्टर त्या वाकळीवर बसल्या का, हे मी त्यांना नंतर विचारले होते. त्या म्हणाल्या, “एसटीत उभं राहून पाय दुखले होते हो.” यापेक्षा जास्त त्यांनी कधीच सांगितले नाही.

त्यांना साठावे वर्ष लागले हे घरी कळल्यावर आत्याने जुन्या लुगड्यांची नवी वाकळ शिवायला घेतली. मधे सुमनच्या सहावीच्या गणवेशाचा निळा तुकडा आहे. वाकळीला वर्षावर्षाला ठिगळे लागतात आणि ती अधिक उबदार होत जाते. सिस्टरांना तसेच भरपूर आयुष्य मिळावे, गुडघे आणि डोळे चांगले राहावेत आणि अजून पुष्कळ अंगणांत त्यांनी असेच न विचारता बसावे, हीच आम्हा सर्वांची प्रार्थना. आत्याचा निरोप तिच्याच शब्दांत देतो : “बाईंना म्हनावं, वाकळ घ्यायला राहूलाच या. आन् आवंदा आत चुलीपाशी बसा.”