दिगंबरकाकांच्या बोटीची ट्रॉली

मागच्या रविवारी सकाळी सात वाजता मी गुडघाभर पाण्यात उभा होतो... आणि आम्ही बनवलेल्या ट्रॉलीवरून बोट सुर्रकन पाण्यात उतरली. कुणी ढकलली नाही, कुणी ओढली नाही. मी तर शिट्टीच मारली.

बोट आमच्या शेजारच्या दिगंबरकाकांची. मूळचे नांदेडकडचे, पण तीन पिढ्या इथे तेलुगू मुलखात, शहरातल्या हिमायतनगरात. रिटायर झाल्यावर त्यांनी ही फायबरची दोन माणसांची बोट घेतली आणि दर रविवारी शहराबाहेरच्या एका चेरुवूवर, म्हणजे तलावावर, गळ टाकून बसायला लागले. मासे फारसे मिळत नाहीत, पण सोमवारी काका वेगळाच माणूस असतात.

अडचण बोटीची नव्हती, ट्रॉलीची होती. चाकांच्या गाड्यावर नुसत्या सपाट लाकडी फळ्या. त्यांच्यावरून बोट घासत पाण्यात ढकलायची आणि येताना तशीच वर ओढायची, दोघं लागायचे. काकांना हात देणारे दोस्त मुलाकडे बेंगळुरूला राहायला गेले आणि काका अडकले.

काकूंनी सरळ सांगितलं, एकट्यानं चढवता येत असेल तर ठेवा, नाहीतर विका. एक रिसॉर्टवाला तयारच होता. त्याला ती लॉनवर ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची होती... हे ऐकल्यापासून काका धड जेवत नव्हते.

आता मी यात कसा घुसलो? बारावीनंतर माझं कशातच मन लागलं नाही. डिलिव्हरी केली, गोव्यात एका वॉटरस्पोर्ट्सवाल्याकडे पाच महिने काढले, सध्या कुकटपल्लीत सलीमभाईंच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये आहे (किती दिवस ते विचारू नका). गोव्यात मी रोलरवाल्या ट्रॉल्या पाहिल्या होत्या. एक माणूस, एक हँडल, बोट वर! काकांना छाती ठोकून म्हटलं, मी करून देतो.

सलीमभाई म्हणाले, "क्या मियाँ, नाव कू झूला बना रहे क्या?" पण हसत हसत त्यांनीच ग्राइंडर लावला.

जुन्या फळ्या काढल्या. मधोमध भंगारातून आणलेले रबरी रोलर, दोन्ही बाजूंना कार्पेट गुंडाळलेल्या लांब पट्ट्या, म्हणजे बोट घासणार नाही. मागे दोन उभे पाइप, म्हणजे ती वाकडी आली तरी सरळ आत जाईल. पुढे खांबावर हातानं फिरवायची विंच, म्हणजे पट्टा गुंडाळणारी चरखी, आणि पट्ट्याचं टोक बोटीच्या नाकाला.

कार्पेट आणायला मी बेगम बाजारला गेलो आणि अर्धा दिवस गायब. एका दुकानात नुसत्या चाळण्या होत्या, शेकड्यांनी. मी बघतच राहिलो. परत आलो ते दोन चाळण्या घेऊन, कार्पेट विसरून... सलीमभाई काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

शेडमध्ये बोटीत सिमेंटच्या दोन गोण्या टाकून ट्रायल घेतली. हँडल मीच फिरवलं. मक्खन!

तर रविवार. सलीमभाईही माझ्याबरोबर आलेले. काकू फोल्डिंगची खुर्ची टाकून, मांडीवर डबा ठेवून परीक्षा घ्यायला बसलेल्या. काका तासभर पाण्यात फिरून आले, बोट ट्रॉलीच्या शेपटाशी लावली, हुक अडकवला. आता कुणी हात लावायचा नाही, असं ठरलेलं.

काकांनी हँडलचे चार फेरे मारले. थांबले. ओठ घट्ट मिटलेले. अजून दोन फेरे... आणि हँडल सोडून दिलं.

"राहू दे रे. त्या रिसॉर्टवाल्याला फोन लाव."

मला वाटलं गिअर अडकला. सलीमभाईंनी जाऊन दोन बोटांनी फिरवून दाखवलं, "काका, चल रहा ना मस्त!" त्यानं तर जास्तच वाईट झालं. काका मान खाली घालून उभे.

तेवढ्यात काकू उठल्या. डबा खुर्चीवर ठेवला आणि चपलांसकट चिखलात आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यांचा उजवा खांदा आखडलाय. सहा महिने झाले, शर्टाची बाही मी घालून द्यायलेय. तुम्हाला कशाला सांगतील!"

मग काकांकडे वळून, "अहो, डावा हात देवानं काय ताट धरायला दिलाय का?"

मी बोटीची लांबी मोजली, वजन काढलं, उताराचा फोटो आणला... आणि हँडल माझ्या उजव्या हाताला बरं पडेल तिथं लावलं. ज्या माणसाला ते फिरवायचं होतं, त्याला एकदाही फिरवायला दिलं नाही.

बोट परत पाण्यात सोडली. चार नट काढले, विंच उलटी करून बसवली, पट्टा वरून येत होता तो खालून घेतला. हँडल आता डावीकडे. पंधरा मिनिटांचं काम.

काका हळूहळू फिरवत राहिले. मध्ये दोनदा दम घेतला, पण कुणी पुढे झालं नाही. बोट रोलरवर चढली, पाइपांच्या मधून सरळ आली आणि पुढच्या रबरावर ठक्क करून टेकली. काकांनी हात पँटला पुसले आणि उगाचच तिच्या कडेवरून बोटं फिरवत राहिले. सलीमभाई नुसतं "हौ..." म्हणाले.

फोन काकूंनीच लावला. तेलुगूत एकच वाक्य, "बोटु अम्मट्लेदंडी." विकत नाही म्हणून. आणि डबा उघडला.

तेव्हापासून शेडमध्ये कुणी काही बनवून घ्यायला आलं, की टेप काढायच्या आधी मी त्याला आमचं जड शटर थोडं वर करायला लावतो... आणि गुपचूप बघतो, कुठला हात पुढे येतो ते. काकू, थँक्यू.