धवलारणीचे गुडघे

आत्या जागची उठली की आधी तिच्या गुडघ्यांचा आवाज यायचा, मग आत्या यायची. "वाजंत्री पुढं, वरात मागं," असं ती स्वतःच म्हणायची.

वाजंत्रीची उपमा तिच्या तोंडी सहज यायची, कारण ती आमच्या गावची धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नात प्रत्येक विधीला एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि धवले गाणारी ती धवलारीण. उखळात हळद फोडायच्या आधीपासून तिचं काम सुरू होतं. भटजी मध्येमध्ये घड्याळाकडे बघतात. धवलारीण बघत नाही. तिचा धवला संपेपर्यंत विधी संपत नाही, मग जेवणाची पंगत कितीही खोळंबो. हे सगळं गायचं ते जमिनीवर बसून, नवरीच्या पाटाला लागून. पिठानं काढलेल्या चौकात देव मांडलेला असतो, आणि देवापेक्षा उंच बसायचं नाही ही रीत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न येत्या वैशाखात करायचं ठरलं, आणि आत्याला खाली बसता येईनासं झालं. बसणं एक वेळ जमायचं, पण उठवायला दोघी लागायच्या.

काकांनी लगेच उपाय सुचवला. काका उपायांच्या बाबतीत उदार होते. "त्यात काय एवढं? धवल्यांची कॅसेट मिळते आता बाजारात. स्पीकरवर लावू. साऱ्या गावाला ऐकायला जाईल."

"कॅसेट नवरीला हळद लावंल का रे?" आत्यानं विचारलं. पण त्या दिवशी ती नेहमीसारखी जेवली नाही.

पौषात आम्ही तिला म्हसा गावच्या जत्रेला नेलं. बैलबाजारात एक शेतकरी बैल विकत घ्यायच्या आधी त्याला चालवून, वळवून, गुडघे दाबून बघत होता. आत्या बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "बरं झालं, मी बैल नाय झाले. म्हशावरून परत हाकलून आणली असती."

पुढे एक तेलवाला भोंग्यावरून ओरडत होता. त्याच्या तेलानं सांधे मोकळे होत, केस उगवत आणि जुना खोकलाही जात असे. आत्यानं बाटली हातात घेतली, वास घेतला, परत दिली.

"का हो मावशी?" तो म्हणाला. "गॅरंटी हाय!"

"तीच भीती वाटते. तुमचा तेल कुठं काय करायचा ते विसरला, न् गुडघ्यावर केस उगवलं तर?"

मी तेव्हा शहापूरला शाळेत शिकवत होतो. तिथं दर गुरुवारी हाडांचे एक डॉक्टर यायचे. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं की दोन हाडांमधली गादी झिजलीय, उजव्या गुडघ्यात जास्त. आत्यानं मान हलवली. "झिजंलच की. चाळीस पावसाळं भाताच्या आवणीला वाकले. गादीवर कवा झोपले नाय, ती आत होती व्हय!"

डॉक्टर हसले, पण काही लपवलं नाही. झिजलेलं परत भरून येत नाही, म्हणाले. दुखणं मात्र कमी करता येतं. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, वजन थोडं उतरवायचं, सपाट रस्त्यावर रोज चालायचं. गोळी फार दुखलं तरच आणि जेवणानंतर. काठी डाव्या हातात धरायची, कारण दुखरा पाय उजवा. आणि व्यायाम: खुर्चीवर बसायचं, एक पाय समोर सरळ उचलायचा, दहा आकडे मोजायचे, हळू खाली सोडायचा. मग दुसरा. मांडीचं मांस घट्ट झालं की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

"लग्नात खाली बसेन का?" एवढंच तिनं विचारलं.

"वैशाखापर्यंत? नाही," डॉक्टर म्हणाले. "खुर्चीवर बसून गा की."

ते ठाणे शहरातले होते. देवापेक्षा उंच बसायचं नाही हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. परतीच्या एस.टी.त आत्या म्हणाली, "डॉक्टर चांगला हाय. पण त्याच्या लग्नात धवलारीण नव्हती."

घरी एक प्लास्टिकची खुर्ची आणली. आत्या ओट्यावर बसून पाय उचलू लागली. काठीवरून मात्र गावानं तिला छळलं. रस्त्यात भेटेल तो सांगायचा, "आते, काठी उलट्या हातात धरलीस गो!" सुरुवातीला ती समजावून सांगायची. मग कंटाळली आणि म्हणू लागली, "उजवा हात अक्षता टाकायला मोकळा ठेवलाय."

आकडे मोजणं तिला जमेना. सहानंतर मन भरकटायचं. मग तिनं आपलीच सोय केली. पाय उचलायचा, धवल्याची एक ओळ म्हणायची, ओळ संपली की पाय खाली. धवल्याच्या ओळी लांब असतात. डॉक्टरांचे दहा आकडे त्यात आरामात मावत, वर थोडे उरत. फाल्गुनात ती कोणाच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठायला लागली. वाजंत्रीही जरा मंदावली.

जमिनीचा प्रश्न तसाच राहिला.

हळदीच्या दिवशी मांडवात एक लाकडी स्टेज उभं होतं. ते काकांनी मागवलं होतं. तालुक्याचे एक पुढारी यायचे होते, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा होता. कशाबद्दल, ते काकांनाही नक्की सांगता येत नव्हतं. स्टेजवर सोफा, सोफ्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर कोणी बसू नये म्हणून एक माणूस उभा. खाली मातीवर नवरीचा पाट, चौक, देव. शेजारी काकांनी कॅसेटची तयारी करून ठेवलेली.

आत्या आपली खुर्ची घेऊन आली. एकदा देवाकडे बघितलं, एकदा स्टेजकडे. मग काकांना म्हणाली, "मी खाली जाऊ शकत नाय. मग देव वर जाऊ दे."

"आगो, पण साहेब कुठं बसतील?"

"साहेब देवापेक्षा उंच बसतात का?"

काकांना 'हो' म्हणायची सोय नव्हती. सोफा उतरवला. स्टेजवर चौक पुन्हा काढला, देव मांडला, पाट ठेवला, उखळही चढवलं. माझी बहीण वर जाऊन बसली. खाली, स्टेजला लागून, आत्याची खुर्ची. तिचं डोकं देवाच्या खाली आलं आणि हात नवरीच्या गालापर्यंत पोचला. कॅसेट डबीतच राहिली.

पुढारी आले तेव्हा स्टेजवर हळद उडत होती. त्यांना बायकांच्या मागे सतरंजीवर बसवलं. ते मांडी घालून बसले आणि उठताना दोन कार्यकर्त्यांना लटकले. आत्यानं गाता गाता ते बघितलं. धवला संपल्यावर त्यांना म्हणाली, "दादा, गुरुवारी शहापूरला जावा. चांगला डॉक्टर हाय."

त्या हळदीची व्हिडिओ कॅसेट आमच्याकडे आहे. त्यात दिसतं की आत्याचा एक पाय प्रत्येक ओळीला सरळ वर उचलला जातो आणि ओळ संपली की खाली येतो. मग दुसरा. सवयच लागली होती. बघणाऱ्याला वाटतं, बाई ताल धरतेय.

पुढे बरीच वर्षं आत्या अशीच गायली. गुडघे दुखायचे, पण बोलावणं आलं की ती आणि खुर्ची दोघी निघायच्या. तिच्या हाताखाली गावातल्या दोन सुना तयार झाल्या. परवा एका हळदीला त्या गात होत्या. देव स्टेजवर, त्या खाली खुर्चीवर, आणि प्रत्येक ओळीला एकेक पाय वर. मी विचारलं, पाय का उचलता?

"रीत हाय तशी," मोठी म्हणाली. "पहिल्यापासून."

दोघींचेही गुडघे ठणठणीत आहेत.